पाचवं कारण

देवाच्या मर्जीशिवाय झाडाचं पानही हलत नाही, हे वाक्य कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मोठी ऑर्डर मिळाली की ऐकू येतं, नवी भट्टी सुरू झाली की ऐकू येतं, आणि एखादा पोरगा वितळलेल्या लोखंडाने भाजला की दवाखान्याच्या जिन्यावरही ऐकू येतं. पहिल्या दोन वेळी माझी काही हरकत नाही. तिसऱ्या वेळी आहे, आणि ती नास्तिकाची हरकत नाही. माझं कुलदैवत जोतिबा. चैत्रात मी डोंगरावर जातो, आणि माझ्या रोजच्या कामात देवाचा काही हेतू आहे असं मनापासून मानतो. मानतो म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलेलं मला सहन होत नाही.

लिहायला निमित्त झालं ते एका कारखान्यातल्या खंडेनवमीच्या प्रवचनाचं. वक्त्यांचं नाव घेत नाही. ते सज्जन आहेत, अभ्यासू आहेत, आणि त्यांनी मांडलं ते काही त्यांच्या एकट्याचं मत नव्हे. आमच्याकडे मालक तेच बोलतात, सुपरवायझर तेच बोलतात, कामगारांच्या तर ते अंगवळणी पडलं आहे. प्रवचनाचा मथितार्थ असा: आयुष्यात योगायोग नावाची गोष्ट नसते. सगळं आधी ठरलेलं असतं. बस चुकते त्यामागेही त्याची योजना आणि हात तुटतो त्यामागेही त्याचीच. तेव्हा जे घडलं त्यात दोष शोधू नका, अर्थ शोधा. हे शेवटचं वाक्य लोकांना फार आवडलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते सूचनाफलकावर खडूने लिहूनही ठेवलं होतं.

मला ते वाक्य खोटं वाटतं, आणि लोखंड ओतणाऱ्या आमच्या फौंड्रीत तर ते धोक्याचंही आहे.

कास्टिंगमध्ये ब्लो होल निघाला तर आमच्याकडे काय होतं ते आधी पाहा. मशीन शॉपमध्ये जॉब टर्न करताना आतली पोकळी उघडी पडते. जॉब बाजूला जातो, त्यावर लाल रंगाची फुली पडते. सकाळी रिजेक्शनची मीटिंग. सँडमध्ये ओल किती होती? परमिएबिलिटी किती आली? कोअर पुरता भाजला होता का? व्हेंट कुणी मारले? ओतताना टेंपरेचर किती होतं, लॅडल, म्हणजे लोखंड ओतायचं भांडं, किती वेळ उभा होता? पाच वेळा 'का' विचारायची जपानी पद्धत आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. मूळ कारण सापडून ते गिऱ्हाइकाला लेखी कळवेपर्यंत कुणाची सुटका नसते. त्या मीटिंगमध्ये 'देवाची मर्जी होती साहेब' असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

आता लोखंड उसळून माणूस भाजला तर? ग्रे आयर्न साच्यात ओततात तेव्हा साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याच्याखाली ओल सापडली की पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते. ती ओल लॅडलच्या अस्तरात मुरलेली असते, पावसात उघड्या यार्डात पडलेल्या स्क्रॅपमध्ये असते, नाहीतर दोन्ही तोंडं बंद असलेल्या एखाद्या नळीत अडकलेली असते. वाफेला वाट मिळाली नाही की भट्टीच्या तोंडातून लोखंड बाहेर फेकलं जातं. यात गूढ काही नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतरची पहिली हीट, भर पावसाळ्यातली रात्रपाळी, नवं अस्तर भरलेला लॅडल: कुठल्या वेळी जपायचं हे जाणत्या मेल्टरला पक्कं ठाऊक असतं. लॅडल बर्नरखाली चांगला तापवायचा, स्क्रॅप सुकवून मगच चार्ज करायचं, बंद नळ्या निवडून बाहेर काढायच्या, ओतणाऱ्याच्या पायात लेगगार्ड हवेत, तोंडावर शील्ड हवी. ब्लो होलचं कारण ओल आणि माणूस भाजण्याचं कारणही ओलच. पहिलीचा माग आम्ही ग्रॅमपर्यंत काढतो. दुसरीपाशी येऊन आम्ही हात जोडतो.

अशा अपघातांनंतरचे जे कागद माझ्या नजरेखालून गेले, त्यांत कारणाच्या रकान्यात बहुधा दोनच शब्द होते: कामगाराचा निष्काळजीपणा. आणि घरच्यांना भेटायला जाणाऱ्यांच्या तोंडी ठरलेलं वाक्य होतं: त्याच्या नशिबातच होतं, देवापुढे कुणाचं चालतं? ही दोन्ही एका वेळी खरी कशी असतील? कागदावर सगळं त्या पोराने केलं आणि घरी गेल्यावर सगळं देवाने केलं. मध्ये ओला लॅडल होता, फुटका बर्नर होता, चार महिन्यांपूर्वी मागितलेले लेगगार्ड होते, जोडीचा माणूस नसताना दुसरी पाळी करायला लावणारं वेळापत्रक होतं. त्यांचं नाव ना कागदावर, ना सांत्वनात.

प्रवचनकारांनी गीतेचा आधार घेतला होता, म्हणून गीतेकडे जातो. त्यांनी अठराव्या अध्यायातला एकसष्टावा श्लोक सांगितला: ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून प्राणिमात्राला, यंत्रावर चढवल्यासारखं, आपल्या मायेने फिरवतो. कारखान्यात, यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या असताना, हा श्लोक फारच समर्पक वाटला असणार. पण तो अध्याय तिथे संपत नाही. अवघे दोन श्लोक पुढे जा. त्रेसष्टाव्या श्लोकात तोच कृष्ण अर्जुनाला सांगतो की मी तुला गुह्यातलं गुह्य ज्ञान सांगून झालं, आता त्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. माणूस नुसता यंत्रावर चढवलेला असता, तर त्याला विचार कर म्हणायचं प्रयोजन काय? सातशे श्लोकांचा खटाटोप ज्याच्यासाठी केला त्याला अखेर मोकळं सोडणारा हा देव आहे. एकसष्टावा सांगून त्रेसष्टावा गाळणं हा गीतेवर अन्याय आहे.

'निमित्तमात्र हो' या अकराव्या अध्यायातल्या उपदेशाचंही तेच. तो सांगितला कुणाला? धनुष्य टाकून बसलेल्या माणसाला, त्याने उठावं म्हणून. तो उपदेश आज उठायचं टाळण्यासाठी वापरला जातो.

त्याच अठराव्या अध्यायात याहून मोठी गोष्ट आहे, आणि ती आमच्या सेफ्टीच्या वर्गात का शिकवत नाहीत हे मला कळत नाही. तेरा ते पंधरा या श्लोकांत कृष्ण सांगतो की कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे देह असं जुने भाष्यकार घेतात. लोकमान्य टिळकांनी त्याचा अर्थ स्थान असा केला. टिळकांच्या अर्थाने हा श्लोक घेऊन पोअरिंग फ्लोअरवर उभे राहा. अधिष्ठान म्हणजे ती जागा: वाटेत साचलेली सँड, अंधुक दिवा, पायाखालचं पाणी. कर्ता म्हणजे ओतणारा, आणि त्याला ओत म्हणून सांगणाराही. करणं म्हणजे लॅडल, त्याचं अस्तर, होइस्ट, लेगगार्ड. चेष्टा म्हणजे कामाची रीत: किती घाई, किती हीट, कोण कुणाला हाक देतो. ही चारही तपासून झाली, प्रत्येकाचा जाब घेऊन झाला, आणि तरीही काही उरलं, तर ते पाचवं. दैव गीतेने नाकारलेलं नाही. फक्त त्याला रांगेत शेवटी उभं केलं आहे. आम्ही त्याला सगळ्यांच्या आधी बोलावतो, आणि ते आलं की बाकीच्या चौघांना घरी पाठवतो.

लगेचच्या सोळाव्या श्लोकात कृष्ण असंही म्हणतो की इतकी कारणं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी कच्ची, त्याला काही दिसतच नाही. तोच न्याय दुसऱ्याला लावला, तर 'कामगाराचा निष्काळजीपणा' हा शेराही त्याच अध्यायाने खोडून काढला. नुसतं नशीब म्हणणाऱ्यांना गीता थारा देत नाही आणि नुसता त्या पोराचा दोष म्हणणाऱ्यांनाही देत नाही.

टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं मंडालेच्या तुरुंगात. ते १९१५ साली प्रसिद्ध झालं. त्यात 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असं अख्खं प्रकरण आहे. सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या माणसाने माणसाच्या स्वातंत्र्यावर प्रकरण लिहावं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. पूर्वकर्माचं ओझं टिळक नाकारत नाहीत. पण त्या ओझ्याखालीही प्रयत्नाची मुभा आत्म्याला आहेच, यावर ते ठाम आहेत. ज्यांना परिस्थितीने खरोखर जखडलं होतं ते असं लिहून गेले, आणि ज्यांच्या सहीने बर्नर दुरुस्त होतो ते 'आपल्या हातात काय आहे' म्हणतात.

आता गोरोबाकाकांकडे. प्रवचनात त्यांची कथा आली आणि बऱ्याच जणांचे डोळे भरून आले. माझेही भरून येतात. तेरचे गोरा कुंभार चिखल तुडवत होते, मुखी विठ्ठलाचं नाम होतं, देहभान हरपलं होतं, आणि रांगत आलेलं त्यांचं लेकरू त्या चिखलात पायाखाली गेलं. वक्त्यांनी यातून काढलेला अर्थ असा की भक्ताची परीक्षा पाहायची देवाची ती योजना होती, आणि शेवटी मूल परत मिळालंच.

ही कथा कामाच्या जागी झालेल्या अपघाताची कथा आहे. संतचरित्रकार महिपतीबुवांनी ती सांगितली त्यात गोरोबांची बायकोही आहे, आणि तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. ती पाणी आणायला जाताना लेकराकडे बघा म्हणून बजावून गेलेली असते. परत येते तर हे घडलेलं. ती 'विठ्ठलाची मर्जी' म्हणत नाही. ती नवऱ्याला बोल लावते, कडाडून लावते. तो उलट तिच्यावरच धावून जातो, तेव्हा ती त्याला विठ्ठलाचीच आण घालते: मला हात लावाल तर! पुढे ती आण मोडली गेल्यावर गोरोबा स्वतःचेच हात तोडून टाकतात. कथेत चमत्कार आहे, मूल परत मिळतं, हातही परत येतात. पण ते कधी? बाईने तोंडावर दोष दिल्यानंतर. बापाने स्वतःला शिक्षा करून घेतल्यानंतर. आपल्या परंपरेने ही कथा सांगताना त्या बाईचं तोंड दाबलं नाही. तिला कुणी 'दोष शोधू नकोस, अर्थ शोध' म्हणालं नाही. एवढ्या मोठ्या भक्ताच्या घरातही चूक ती चूकच राहिली, आणि आमच्या कारखान्यात मात्र ती देवाची योजना होते.

आणि आमच्याकडचं लेकरू परत येत नाही.

'त्या दिवशी मी रजेवर होतो, देवाने वाचवलं', असं सांगणारी माणसं मी पुष्कळ ऐकली. त्यांच्या कृतज्ञतेला मी नावं ठेवणार नाही; जीव वाचल्यावर माणसाने देवाला नमस्कार करावा, मीही करीन. पण यातून योजनेचा सिद्धांत उभा करायचा म्हटलं की बदलीवर आलेल्या पोराचं काय करायचं? देवाने योजना करून एकाला मामाच्या लग्नाला पाठवलं आणि दुसऱ्याला, कदाचित बिहारमधून नाहीतर ओडिशातून चार महिन्यांपूर्वी आलेल्याला, लॅडलखाली उभं केलं? असा देव मी मानत नाही. माझा जोतिबा असा नाही. नमस्कार करा, पण हिशेब मांडू नका. हिशेब मांडलात तर तो पुरा मांडावा लागेल, आणि त्यात दुसऱ्या पोराची आई येईल.

हा प्रश्न आमच्या आधी मोठ्या माणसांमध्येही निघाला होता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं गेली. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता पाप आहे यात रवींद्रनाथ टागोरांना तिळमात्र शंका नव्हती, तरी त्यांनी गांधीजींना जाहीर उत्तर दिलं: निसर्गाच्या घटनांना निसर्गातली कारणं असतात, त्यांना नीतीच्या निवाड्याशी जोडू नका. गांधीजींनी ते उत्तर स्वतःच्या 'हरिजन'मध्ये छापलं आणि आपलं म्हणणंही सोडलं नाही. या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा. गांधीजींचा हेतू लाखमोलाचा होता. पण हेतू चांगला असला तरी ढिगाऱ्याखाली मेलेल्या माणसाला आपल्या उपदेशाचा दृष्टांत करायचा अधिकार कुणालाच नाही. शिवाय त्या भूकंपात दबलेल्यांत ज्यांना स्पर्शही नाकारला जात होता, तेही होतेच.

शिरोलीला हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, पुणे-बंगळूर वाहतूक जवळपास आठवडाभर बंद पडली, ट्रकच्या रांगा लागल्या. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हाही 'देवाचा कोप' म्हणणारे होते. पाऊस देवाचा, मान्य. पण पूररेषेत घातलेली बांधकामं, धरणांतून पाणी सोडण्याच्या वेळा, महामार्गाचा भराव यांची चर्चा गावोगाव झाली, २०१९ च्या पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती बसली, अहवाल आला. त्या चर्चेत कुणी देवाचा अपमान केला असं मला वाटलं नाही.

कायद्याला हे आपल्याआधी उमगलं. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा मालकाची चूक सिद्ध करा असं म्हणतच नव्हता. कामातून आणि काम करताना इजा झाली एवढं पुरे. मृत्यू झाला असेल तर कामगाराने नियम मोडला ही सबबही चालत नसे. आणि दिल्लीच्या ओलियम वायूगळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की धोक्याचा उद्योग करणाऱ्याला 'दैवी आपत्ती' म्हणून अंग काढून घेता येणार नाही. न्यायालयात जी सबब चालत नाही ती गाभाऱ्यात कशी चालेल?

यावर एक उत्तर मला मिळेल, आणि ते मला खरोखर जड वाटतं. तुम्ही म्हणता ते ठीक, पण ज्या आईचा मुलगा गेला तिला हे वाक्यच आधार देतं. देवाला आवडला म्हणून नेला, असं म्हणून ती रात्र काढते. तिचा तो आधार काढून घेणार का?

नाही. तिच्या तोंडी ते वाक्य असेल तर मी मान खाली घालून ऐकेन, आणि त्यावर कधी वाद घालणार नाही. दुःख करणाऱ्याचं देवाशी जे काही बोलणं-भांडणं चालतं त्यात तिसऱ्याचं काम नाही. पण ते वाक्य तिने म्हणायचं आहे. कारखान्याच्या गाडीतून उतरून तिला सांगायचं नाही. ज्याने बर्नरच्या दुरुस्तीचा कागद अडवून ठेवला त्याने तर मुळीच नाही. तिच्यासाठी ती शरणागती आहे. त्याच्यासाठी ती सुटका आहे.

देव सर्वज्ञ आहे, त्याला पुढचं सगळं दिसतं, मग आपलं स्वातंत्र्य ते कसलं, असंही विचारलं जातं. मोठमोठ्या आचार्यांनी यावर ग्रंथ लिहिले आहेत. माझी तेवढी पात्रता नाही. देवाला काय ठाऊक आहे याचा जाब मला द्यायचा नाही. लॅडल ओला आहे हे मला ठाऊक होतं की नाही, याचा द्यायचा आहे. आमच्या पाळीतले मुसलमान कामगार सांगतात की त्यांच्या पैगंबरांनीही उंट आधी बांधायला आणि मग अल्लावर भरवसा ठेवायला सांगितलं. बसवेश्वरांनी तर काम हीच पूजा मानली, आणि त्यांना मानणारी घरं या हातकणंगले तालुक्यात गावोगाव आहेत.

देवाचा हेतू रोजच्या आयुष्यात असतो का? असतो, असं मी म्हणतो. पण तो घडून गेलेल्या अपघातात मागे वळून शोधायचा नसतो. तो समोरच्या कामात असतो. एका कारखान्यात मी एक म्हातारा मेल्टर पाहिला. खंडेनवमीचा दिवस, भट्टीच्या पॅनेलला हळद-कुंकू, लॅडलला झेंडूची माळ. सगळे भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर जमलेले, आणि मालकांच्या हातात नारळ. म्हाताऱ्याने हात आडवा घातला. म्हणाला, "भाईर फोडा नारळ. देवाला चालतंय, लोखंडाला चालत न्हाई." मालक बाहेर गेले, दारातल्या दगडावर नारळ फोडला. मग म्हाताऱ्याने चप्पल काढून भट्टीला डोकं टेकवलं, आणि उठल्यावर प्लॅटफॉर्मवर सांडलेलं तांब्यातलं पाणी कोरड्या सँडने टिपून घेतलं. उद्या इथे कोण उभं राहणार आहे, हे त्या क्षणी त्याच्या मनात होतं. त्या वर्षी मी जे काही प्रवचन ऐकलं त्यात मला सर्वांत खरं हेच वाटलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती पूजेला धरूनच आहे. खंडेनवमीला आरतीच्या आधी वर्षभराची अपघातांची नोंदवही आणावी. हात भाजला, पाय भाजला, बोट गेलं, जीव गेला, प्रत्येक नोंद सगळ्यांसमोर वाचावी, आणि कारणाच्या रकान्यात जागा, माणसं, साधनं, कामाची रीत आणि दैव असे पाच भाग पाडून भरलेलं वाचावं. पहिल्या चारांत काय सापडलं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं, हे मालकांनी स्वतः सांगावं. सणाच्या दिवशी हे अपशकुनी वाटेल, असं मला दोघा-तिघांनी आधीच सांगितलं आहे. ज्यांच्या घरचं माणूस त्या वहीत आहे त्यांनाही त्या दिवशी बोलवा, आणि अपशकुन कशाला म्हणायचं ते त्यांना विचारा.